खोतीचा प्रश्न आणि डॉ. आंबेडकरांची मुंबई विधिमंडळातील कारकीर्द

विधिमंडळाच्या सभासदाचे कर्तृत्व त्याने संमत करून घेतलेल्या कायद्यांवरून मोजण्याचा प्रघात आहे. या मापाने पाहू गेल्यास डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांची मुंबई प्रांताच्या विधिमंडळातील कारकीर्द जवळजवळ निष्फळ म्हणावी लागेल. १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबई कायदेकौन्सिलात नियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली. १९३७ मध्ये ते नव्या विधानसभेवर मुंबई शहरातून निवडून आले. आणि १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांचा समावेश झाल्यावर प्रांतिक राजकारणातील हा अध्याय संपला. या पंधरा वर्षांत त्यांनी स्वतः मांडलेली दोन प्रमुख विधेयके होती. महार वतनाच्या सुधारणेचे १९२८ चे विधेयक त्यांनी दुसऱ्याच वर्षी परत घेतले. खोती नष्ट करण्याचे १९३७ चे विधेयक शेवटापर्यंत पोहोचलेच नाही. तथापि बहुमत नसलेला सभासद विधिमंडळात नेमके काय साधू शकतो, हे समजून घेण्यास या दुसऱ्या अपयशाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. ते समजण्यासाठी प्रथम रत्नागिरीकडे वळणे भाग आहे.

खोत हा मुळात सारा गोळा करणारा मध्यस्थ. गावच्या साऱ्याची जबाबदारी पत्करावयाची, सरकारला कबुलायत लिहून द्यावयाची, आणि रयतेकडून वसूल करून सरकारी देणे भागविल्यावर उरेल तो खोताचा फायदा, असे त्याचे स्वरूप होते. ओसाड जमीन लागवडीस आणण्याचे श्रेयही काही ठिकाणी त्यास द्यावे लागेल. देशावरील रयतवारीत शेतकरी आणि सरकार यांचा संबंध प्रत्यक्ष होता. रत्नागिरी जिल्ह्यात आणि कुलाब्याच्या दक्षिण भागात मात्र या दोघांमध्ये खोत उभा होता. खोताखाली धारेकऱ्यापासून निव्वळ मर्जीवर जमीन कसणाऱ्या कुळापर्यंत अनेक पायऱ्या होत्या. सर्वांत खालच्या पायरीवरील कुणबी वा महार कुळाला भाताच्या पिकाचा निम्मा आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धेल-तिर्धेल, द्यावा लागे. उभ्या पिकाची अभावणी करून त्याचा अंदाज बांधला जाई, आणि हा अंदाज बांधणाऱ्यांत कुळाचा शब्द चालत नसे. शिवाय वेठ होतीच. खोत हे सर्व एकाच जातीचे नव्हते. चित्पावनांप्रमाणेच मराठे आणि मुसलमान खोतही होते. म्हणून या प्रश्नास केवळ ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या चौकटीत बसविणे हे सोयीचे असले तरी अपुरे आहे.

इंग्रजी अमदानीत खोताला मक्तेदार मानावे की जमिनीचा मालक, हा वाद दीर्घकाळ चालला. जमिनीच्या पाहणीमुळे तो विकोपास गेला आणि अखेर १८८० च्या खोती कायद्याने त्यावर तडजोड काढण्यात आली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८७४ पासून मुंबई कौन्सिलात बसणारे आणि खोतांचा पक्ष हिरीरीने मांडणारे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे दापोलीजवळच्या मुरूडचे. १८९९ मध्ये १८८० च्या कायद्यात दुरुस्ती करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा ‘केसरी’तून खोतांच्या हक्कांचा कैवार घेणारे लोकमान्य टिळक हे त्याच तालुक्यातील चिखलगावच्या खोत घराण्यातले, तेही १८९५ ते १८९७ या काळात याच कौन्सिलाचे सभासद होते. आणि आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आजच्या मंडणगड तालुक्यात, म्हणजे पूर्वी दापोलीस जोडलेल्या महालात, येते. वडील रामजी सुभेदार लष्करी नोकरीतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले होते. कोकणातील एकाच कोपऱ्याने एकाच सभागृहात प्रथम खोताचे आणि पुढे कुळाचे वकील पाठविले, हा योगायोग खरा. पण दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना गावची जमीन आणि तीवरचा व्यवहार ठाऊक होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

१९१९ च्या सुधारणांनंतरच्या कौन्सिलात जमीनमहसूल हे राखीव खाते होते. लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती ते नव्हते. नियुक्त सभासदाच्या हाती तर काहीच नव्हते. आंबेडकरांनी आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात, १९२७ मध्ये, साऱ्याच्या तत्त्वावर बोट ठेवले: प्राप्तिकर ठराविक उत्पन्नाच्या खाली माफ होतो, मग गुंठाभर जमीन असलेल्या शेतकऱ्यास सारा का माफ नाही? हा प्रश्न खोतीविषयी नव्हता. परंतु जमीन हे केवळ महसुलाचे साधन नसून कसणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे ही जी भूमिका त्यात होती, तिचाच विस्तार पुढे झाला. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूण येथे भरलेल्या रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषदेचे ते अध्यक्ष होते. यानंतर खोतीविरोधी चळवळीला जिल्ह्यात आणि शेजारच्या कुलाब्यात जोर चढला, आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव हिंडू लागले. कुलाब्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून जमीन न कसण्याचा जो संप केला तो याच पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

१९३५ च्या कायद्याने चित्र पालटले. महसूल खाते मंत्र्यांकडे आले आणि विधानसभेत १७५ जागा झाल्या. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्थापिलेला स्वतंत्र मजूर पक्ष १९३७ च्या निवडणुकीत राखीव जागांवर तर यशस्वी झालाच. शिवाय चित्रे, श्यामराव परुळेकर आणि महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे स्पृश्य सभासदही त्याने निवडून आणले. सभागृहात एका पक्षाचा आवाज म्हणून बोलण्याइतके बळ आता होते. मतदानात जिंकण्याइतके मात्र नव्हते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याचे सूत्र तीन कलमांत सांगता येईल: खोती पद्धत रद्द करावी, खोताच्या खालच्या ज्या धारकांच्या प्रत्यक्ष ताब्यात जमीन आहे त्यांना जमीनमहसूल कायद्यातील कब्जेदाराचा दर्जा देऊन सरकारशी थेट जोडावे, आणि खोताला त्याच्या बुडालेल्या हक्कांबद्दल वाजवी भरपाई द्यावी. या तिसऱ्या कलमामुळे काहींना हे विधेयक सौम्य वाटते. ते समजण्यास थोडा घटनात्मक संदर्भ लागतो. १९३५ च्या कायद्याच्या २९९ व्या कलमान्वये जमिनीवरील, किंबहुना साऱ्यासंबंधीचेही, हक्क नष्ट करणारे कोणतेही विधेयक गव्हर्नरच्या पूर्वसंमतीवाचून प्रांतिक विधिमंडळात मांडताच येत नसे. भरपाईची तरतूद ही म्हणून केवळ औदार्याची नव्हती. विधेयक दारातून आत येण्याचीही ती किल्ली होती. कायदेपंडिताची दृष्टी येथे चळवळीच्या घोषणेहून एक पाऊल पुढे होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

विधेयक आत आले, पण पुढे सरकले नाही. खाजगी सभासदाच्या विधेयकाला बिनसरकारी कामकाजाच्या मोजक्या दिवसांतच वेळ मिळतो आणि बहुमताच्या पक्षाने मनावर घेतल्याखेरीज ते वाचनाच्या पायऱ्या चढू शकत नाही. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने, ज्यात मोरारजी देसाई महसूलमंत्री होते, खोतीवर थेट घाव घालण्याऐवजी कुळांच्या संरक्षणाचा मार्ग पत्करला. १९३९ चा कुळकायदा त्यातून आला. आंबेडकरांनी प्रश्न सभागृहाबाहेर नेला. १० जानेवारी १९३८ रोजी रत्नागिरी, कुलाबा आदी जिल्ह्यांतील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. त्यात समाजवादी व साम्यवादी कार्यकर्तेही होते, आणि शिष्टमंडळाने मुख्यमंत्र्यांची भेट घेतली. कोकणातून बोटीने मुंबई गाठणाऱ्या त्या कुळांतील अनेकांचे भाऊबंद गिरणगावात राबत होते, ही गोष्ट मोर्चाच्या आकाराइतकीच महत्त्वाची आहे. शेतकरी आणि गिरणी कामगार हे कोकणात एकाच घरचे दोन पाय होते; स्वतंत्र मजूर पक्षाचा आधारही हाच. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, प्रांतावर गव्हर्नरची राजवट आली, आणि विधेयकाचा मार्ग खुंटला.

पुढील कायदा काँग्रेसने केला. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि महसूल खाते पुन्हा मोरारजींकडेच आले. १९४८ चा कुळकायदा आणि त्यामागोमाग १९४९ चा खोती निर्मूलन कायदा संमत झाला. १५ मे १९५० पासून खोती संपुष्टात आली. या वेळी आंबेडकर केंद्रात कायदामंत्री होते आणि मुंबईच्या सभागृहाशी त्यांचा संबंध उरला नव्हता. तेव्हा १९३७ च्या विधेयकाचा या कायद्याशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होतो. विधेयकाने मजकूर पुरविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याने एक साधी गोष्ट केली: ज्या सभागृहात अर्धशतकाहून अधिक काळ खोताच्या हक्कांच्या मर्यादेवर वाद चालत होता, त्याच सभागृहासमोर ते हक्क अजिबात असावेत की नसावेत हा प्रश्न कलमवार, भरपाईच्या सोयीसह, ठेवला. यापुढे कोणत्याही महसूलमंत्र्यास खोतीची ‘सुधारणा’ हे शेवटचे उत्तर म्हणून सांगणे अवघड झाले.

दोन्ही मसुद्यांतील फरकही दुर्लक्षिण्यासारखा नाही. १९३७ च्या विधेयकाचा भर प्रत्यक्ष ताबा असणाऱ्या धारकावर होता. १९४९ च्या कायद्याने धारेकऱ्यांना आणि कायम धारकांना कब्जेदार केले. पण खोताच्या खासगी जमिनीवर कब्जेदार म्हणून खोतच राहिला आणि तेथे राबणारे कूळ कूळच राहिले. त्याचा प्रश्न कुळकायद्याकडे वर्ग झाला. कसणाऱ्यास मालक मानण्याचा दिवस त्या कायद्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ठरला. मात्र त्याचा लाभ मिळण्यास कागदोपत्री कूळ म्हणून नोंद असणे अगत्याचे होते. आणि तोंडी कराराने, वर्षावर्षाच्या बोलीवर जमीन कसणाऱ्या कोकणातील किती तरी कुळांची अशी नोंद कोणी केलेलीच नव्हती.