फ्रेमिंगहॅमची माणसे

रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता मध्यमवर्गीय घरांतून पंचांगाशेजारी विराजमान झाले आहे. 'कोलेस्टेरॉल' हा शब्द तर आमच्या शेजारच्या काकूंनाही पाठ. शंकरपाळ्यांची बशी पुढे आली की आधी त्या तो शब्द उच्चारतात आणि मग चार शंकरपाळ्या उचलतात! हे शहाणपण आपल्याला कोणी मिळवून दिले, असे कोणी विचारले तर आपण एखाद्या थोर डॉक्टराचे नाव आठवू लागू. मी मात्र एका गावाचे नाव घेईन.

माझे वडील १९७१ साली हृदयविकाराच्या झटक्याने गेले. रक्तदाब चढलेला होता. पण 'वय वाढले की तो वाढायचाच' ही समजूत तेव्हा घरोघर होती, आणि आमच्याकडच्या डॉक्टरांचीही तीच होती. त्याआधी बड्याबड्यांचीही यातून सुटका नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ साली १८६/१०८ भरला होता. पुढल्या वर्षी १२ एप्रिलला मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले, त्या दिवशी तो तीनशेवर पोचला होता.

हृदय कशाने बिघडते हेच ठाऊक नाही, तर इलाज कशावर करणार? म्हणून १९४८ साली अमेरिकन सरकारने बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम या गावी एक केंद्र काढले. वस्ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास. गावाला अशा कामाची थोडी सवयही होती. १९१७ पासून काही वर्षे तेथे क्षयरोगाची पाहणी झाली होती. कल्पना साधी, पण चिकाटीची. धडधाकट माणसे घ्यायची, दर दोन वर्षांनी तपासायची आणि कोणाला काय होते ते वर्षानुवर्षे टिपत राहायचे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला गळ घातली आणि ५,२०९ स्त्रीपुरुष तयार झाले. त्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या, हे त्या काळी विशेषच म्हणायचे.

या मंडळींना मिळाले काय? पैसा नाही. औषधही नाही! केंद्र स्वतः उपचार करीत नसे. तपासणीचा निकाल ज्याच्या त्याच्या डॉक्टराकडे धाडी. काही दुखतखुपत नसताना दवाखान्याची पायरी चढायची, दंडातून रक्त काढू द्यायचे, दिवसाला किती सिगारेटी ओढतो हे परक्याला खरेखरे सांगायचे. आपल्या चाळीतल्या किती जणांनी हे वीस वर्षे केले असते?

या नोंदींतूनच १९५७ साली उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचे नाते स्पष्ट झाले, १९६० साली सिगारेटचे. आमच्या तालुक्याच्या गावी ती बातमी पोचायला फार वर्षे लागली.

मला सर्वांत कौतुक वाटते ते तिथल्या कारकुनांचे. माणूस गाव सोडून गेला तर त्याला गाठायचे कसे? म्हणून आलेल्या प्रत्येकाकडून 'तुमचा ठावठिकाणा कोण सांगू शकेल?' असे विचारून नातलगाचे, मित्राचे नाव लिहून घेत. पुढे दोन संशोधकांच्या नजरेस ते कागद पडले. त्यांतून १२,०६७ माणसांच्या नात्यागोत्याचे आणि मैत्रीचे जाळे उभे राहिले, आणि लठ्ठपणा मित्रामित्रांतून पसरतो असे सांगणारा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यावर वादही पुष्कळ झाले, ते असो. पण कारकुनाच्या चिठ्ठीचे एवढे सोने झालेले मी दुसरे ऐकले नाही.

वीस वर्षे भरत आली तसे सरकारला वाटले, झाले तेवढे पुरे. केंद्राला टाळे लागायची वेळ आली. १९४९ पासून धुरा वाहणारे डॉ. टॉमस डॉबर तोवर बॉस्टन विद्यापीठात गेले होते. त्यांनी झोळी हाती घेतली. खाजगी देणग्या गोळा करून काम जिवंत ठेवले. १९७१ साली सरकारचा हात पुन्हा सैल झाला, पण आता कारभार विद्यापीठामार्फत. त्याच वर्षी पहिल्या मंडळींची मुले आणि त्यांचे जोडीदार असे ५,१२४ जण दाखल झाले. २००२ साली नातवंडांची पाळी आली.

विद्यापीठाच्या आसऱ्याने काय झाले? गणिती आले, विद्यार्थी आले. कोणाला झटका आला असे नुसते कळून भागत नाही. तीन डॉक्टर एकत्र बसून कागद तपासतात आणि मगच नोंद पक्की होते. शिकाऊ डॉक्टरांनी ही शिस्त पाहण्याजोगी आहे. म्हाताऱ्यांना येववत नाही, तेव्हा तपासनीसच त्यांच्या घरी, वृद्धाश्रमात जातो. १९९७ पासून काहींनी मृत्यूनंतर आपला मेंदूही या कामासाठी देऊन ठेवला आहे. एवढा विश्वास पैशाने विकत मिळत नाही, असे मला वाटते.

एक उणीव मात्र राहिली. ती ५,२०९ माणसे बहुतेक गोऱ्या वर्णाची. त्यांच्यावरून बांधलेले ठोकताळे आपल्याला नीट लागू पडत नाहीत. आपल्याकडे हृदयविकार पुष्कळदा तरुणपणीच गाठतो. म्हणून कॅलिफोर्निया आणि नॉर्थवेस्टर्न या दोन विद्यापीठांनी सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो या शहरांच्या परिसरातल्या, भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांची पाहणी २०१० साली हाती घेतली. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून तिचे नाव ठेवले 'मसाला'. पहिल्या फेरीत ९०६ माणसे आली, चाळिशी ते चौऱ्याऐंशीपर्यंतची. त्यांत बहुसंख्य भारतीयच.

नंतर दरवर्षी त्यांना फोन जाऊ लागला. प्रश्न आपल्याकडच्या मावशी विचारतील तसलाच : यंदा प्रकृती कशी होती, इस्पितळात तर नाही ना जावे लागले?