थंडीत डिकी अर्ध्यावर का अडते?

कोलकात्याच्या दमदममध्ये जानेवारीच्या पहाटे पारा साधारण 12 ते 15 अंशांवर असतो. एवढ्या थंडीत हॅरियर, फॉर्च्युनर किंवा हेक्टरची बटणावर उघडणारी डिकी सहसा कुरकुरत नाही. तीच गाडी दार्जिलिंगला रात्रभर उघड्यावर उभी राहिली, की खोट उघडी पडते.

कारण साधे आहे. डिकीला उचलून धरणाऱ्या गॅस दांड्यांमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो. तापमान 30 अंशांवरून 5 वर आले की त्याचा दाब सुमारे 8 टक्क्यांनी घटतो. दांडी नवी असेल तर हे जाणवतही नाही. जुनी, गॅस गळालेली दांडी असेल तर मात्र डिकी अडायला तेवढी घट पुरते. काही गाड्यांत गॅसऐवजी स्प्रिंग आणि मोटर असलेली दांडी असते. तिथे आधी संशय घ्यावा तो बॅटरीवर, कारण थंडीत तिची ताकद कमी होते. दवाने ओले झालेले डिकीचे रबर चिकटले, तर वाढलेला अडथळा पाहून यंत्रणा डिकी थांबवते किंवा मागे फिरवते. बोटे चिरडू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे, बिघाड नव्हे!

तपासणीची सुरुवात रबर पुसून, त्यावर सिलिकॉन ग्रीस लावून करावी. मग बॅटरी. ती काढून जोडली असेल, तर अनेक गाड्यांत डिकी एकदा हाताने पूर्ण बंद करावी लागते. नेमकी कृती गाडीच्या पुस्तिकेत मिळते.

डिकी हाताने उघडूनही वर टिकत नसेल, तर तिच्याखाली उभे राहू नका. दांडी आधी बदलून घ्या.