लाँग मेलफर्ड: भिंतीवर कोरलेली नावं

इंग्लंडच्या सफक परगण्यातलं लाँग मेलफर्ड हे एका लांबलचक रस्त्याच्या कडेनं वसलेलं गाव. तिथलं होली ट्रिनिटी चर्च पाहिलं की गावाच्या मानानं ते फारच मोठं वाटतं. पैसा लोकरी कापडाचा. पंधराव्या शतकात इथल्या कापड व्यापाऱ्यांची चलती होती. 1460 नंतरच्या तीन-चार दशकांत त्यांनी जुनं चर्च जवळजवळ नव्यानं बांधून काढलं. पश्चिमेकडच्या पाच गाळ्यांचे खांब मात्र जुन्याच इमारतीतले मानले जातात. काटकसर श्रीमंतांनाच सुचते!

सफकमध्ये बांधकामाजोगा दगड नाही. आहे ती चकमक, तीही ओबडधोबड. गवंडी ती फोडत, काळी तुळतुळीत बाजू दर्शनी ठेवत आणि बाहेरून आणलेल्या फिकट चुनखडीच्या नक्षीत बसवत. दोन्ही दगड अगदी एका पातळीत, त्यामुळे भिंत लांबून पाहताना काळ्या-पांढऱ्या जडावाची वाटते. आत पर्पेंडिक्युलर शैलीचा थाट आहे: सडपातळ खांब, उभ्या रेषा आणि भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त.

या चर्चचं खरं वेगळेपण मात्र बाहेरच्या भिंतींवर, उंचावर आहे. तिथे देणगीदारांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याची विनंतीही. मृत्यूनंतर आत्म्याला शुद्धिस्थानात यातना भोगाव्या लागतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेनं त्या कमी होतात, अशी तेव्हाची श्रद्धा. म्हणजे दान धर्मार्थ खरं, पण परतफेडीची अपेक्षाही लेखी. प्रमुख दाता जॉन क्लॉप्टन. 1462 मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला अटक झाली; सोबतच्या ऑक्सफर्डच्या अर्लचा शिरच्छेद झाला, हा मात्र सुटला. त्यानं आपली कबर वेदीला अगदी लागून बांधवली. ईस्टरला ख्रिस्ताची प्रतीकात्मक समाधी तिच्यावरच मांडली जाई. याहून मोक्याची जागा कुठली?

1497 मध्ये तो वारला आणि जेमतेम पन्नास वर्षांत, 1547 मध्ये, प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या लाटेत मृतांसाठी प्रार्थना करणारी चँट्री चॅपेलं कायद्यानंच बंद झाली. भिंतीवरची अक्षरं मात्र राहिली. ती काढायची तर भिंतच खणावी लागली असती, म्हणून ती वाचली असावीत, असा माझा तर्क.

चर्चच्या पूर्व टोकाला तीन उतरत्या छपरांचं ठेंगणं लेडी चॅपेल आहे, 1496चं. धर्मसुधारणेनंतर तिथे काही काळ शाळा भरत असे. भिंतीवर रंगवलेला पाढ्यांचा तक्ता अजून वाचता येतो. मेरीच्या पूजेसाठी बांधलेल्या जागेत पोरं पाढे घोकत होती. इमारतीच्या दृष्टीनं हे भाग्यच, कारण वापरात राहिलेली वास्तू सहसा पडत नाही.

मनोऱ्याचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोसळला. त्याच्या जागी आलेला साधा विटांचा मनोरा पुढे लोकांना खुपू लागला, म्हणून 1898 ते 1903 या काळात जी. एफ. बोडली या वास्तुविशारदानं त्याला चकमक आणि दगडाचं कवच चढवलं. आजच्या छायाचित्रांत सर्वांत मध्ययुगीन दिसणारा भाग नेमका हाच असतो. बोडलीनं तो इतका बेमालूम मढवला की कुणाला शंकाही येत नाही. मला तरी तो मूळ चर्चपेक्षा किंचित जास्तच सुबक वाटतो.