टोफू, भाजलेला
टोफू, भाजलेला : सोयाबीनचे दूध साकळवून, दाबून केलेल्या वड्या भाजून त्यांवर चकचकीत लेप चढविलेला खाद्यपदार्थ. टोफू मूळचा चीनमधील. नाशिक जिल्ह्यासह महाराष्ट्रात सोयाबीन पिकते. परंतु ते मुख्यतः तेलगिरण्यांकडे जाते, स्वयंपाकघरात क्वचितच येते. त्याचा उग्र दर्प हे याचे एक कारण. भिजविलेले दाणे उकळत्या पाण्यात वाटल्यास दर्प पुष्कळ कमी होतो. दूध चांगले उकळून लिंबाच्या रसाने नासवितात. कच्च्या सोयाबीनमधील काही द्रव्ये प्रथिनांचे पचन रोखतात. वड्या वजनाखाली दाबून पाणी काढणे महत्त्वाचे. ओली वडी भाजली न जाता नुसती वाफवते. तेल-मीठ चोळून त्या २००° से. तापमानास सु. २५ मिनिटे भाजतात. गूळ, चिंचेचा कोळ, लसूण व मिरची आटवून केलेला लेप अखेरच्या पाच मिनिटांतच लावावा. आधी लावल्यास गूळ करपून कडवटपणा येतो.