नेम आणि बारीक छिद्र

पुण्यातील बालेवाडी येथे सराव केलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. डोळ्याजवळच्या चकतीतील छिद्रातून आणि नळीच्या टोकावरील कड्यातून नेम धरायचा. दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे!

थोडे गणित करू. छिद्र व कडे यांत ८० सेंटिमीटर अंतर आहे असे समजू. ५० मीटर म्हणजे याच्या सुमारे ६२ पट. कडे कागदाच्या जाडीइतके, म्हणजे ०.१ मिलिमीटर सरकले, तरी गोळी सुमारे ६ मिलिमीटर बाजूला जाते. हा समरूप त्रिकोणांचाच खेळ. म्हणून दोन्ही भाग घट्ट बसवतात. त्यांच्यातील अंतर जितके जास्त, तितका चुकीचा परिणाम कमी.

पण आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहतो. मग जवळचे कडे आणि दूरचे लक्ष्य दोन्ही कसे दिसावे? छिद्रातून प्रकाशाची बारीक शलाकाच डोळ्यात शिरते, त्यामुळे दोन्हींचा धूसरपणा घटतो. छिद्र फारच लहान केले, तर मात्र प्रकाश अपुरा पडतो आणि विवर्तनामुळे कडा पुन्हा पुसट होतात. म्हणून उजेड पाहून छिद्र निवडतात.

पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा. लांबचे अंधुक दिसणाऱ्या विद्यार्थ्याला चष्मा काढून त्यातून फळा वाचायला सांगा. अक्षरे उमटतात का, ते वर्गालाच ठरवू द्या.