विसरभोळेपणा आणि रक्तातील साखर



घरातील वडीलधारी माणसे विसरू लागली की आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतो. पण त्यांना मधुमेह असेल तर असे सोडून देणे बरे नव्हे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे सहा हजारांवर वयस्कर लोकांची पाहणी झाली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. प्रत्येकाला तो होतोच असे मात्र नाही.

हे कसे घडते? ठिबकच्या नळीत क्षार साचले म्हणजे मोटार चालू असूनही टोकाचा ऊस वाळतो. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांची तीच गत होते. रक्तदाब आणि तंबाखू त्यात भर घालतात.

पण उसाला पाणी तुंबूनही चालत नाही आणि ताण बसूनही चालत नाही. साखरेचेही तसेच. ती फार उतरली तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. साखर अशी उतरून ज्यांना इस्पितळात न्यावे लागले, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळला, असे कॅलिफोर्नियातील २००९ सालच्या अभ्यासात दिसले. आणि विसरणारा माणूस सकाळी घेतलेली गोळी पुन्हा घेतो, किंवा इन्सुलिन टोचून जेवायचेच विसरतो! खरा धोका इथे आहे.

म्हणून एवढे करावे :

१) गोळ्या व इन्सुलिन घरातल्या एकाने आपल्या ताब्यात घ्यावे. पाण्याच्या पाळीची नोंद ठेवतो तशी दिलेल्या औषधाची नोंद वहीत ठेवावी.

२) तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून घ्यावी. वृद्धांची साखर किती ठेवायची ते डॉक्टरांना विचारावे. तरुणाइतकी खाली आणण्याचा हट्ट नको.

३) मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासावे. ते कमी पडले तरी विसर पडतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो.

४) साखर उतरली आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

औषध मनाने बंद करू नये की वाढवू नये. आणि गाळप हंगाम संपल्यावर बघू, असेही म्हणू नये. विसर पडू लागल्याचे ध्यानात येताच डॉक्टरांना दाखवावे.

— ऊस विकास अधिकारी