टाकळ्याची पानं आणि रात्रपाळी

संध्याकाळी पानं तोडायला निघालेल्या नातवाला आजी हटकते, ‘झाडं झोपलीत आता, हात लावू नकोस.’ घोलवडच्या चिकूवाडीत उभं राहून हे पटणार नाही, कारण चिकूच्या जाड पानांत अशी उघडझाप दिसत नाही. त्यासाठी कुंपणापाशी जावं. पहिल्या पावसानंतर तिथे टाकळा उगवतो, कोवळा असताना ज्याची भाजी करतात तोच. त्याच्या बोटभर रोपाची पानं दिवसा पसरलेली असतात, दिवेलागणीला जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात.

ऊन गेलं म्हणून पान मिटलं, असं कोणालाही वाटेल. द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवून पाहिलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत होती, रात्री मिटत होती. १७२९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत याचं छोटंसं टिपण सादर झालं. त्यात एक वाक्य डॉक्टरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांनाही दिवस-रात्रीतला फरक असाच जाणवत असावा.

पुढे १८३२ मध्ये द कांदोल यांनी सतत उजेडात ठेवलेल्या लाजाळूचं चक्र २२-२३ तासांचं असल्याचं नोंदवलं. हा आकडा फार बोलका आहे. बाहेरचा दिवस २४ तासांचा, झाडाचा थोडा लहान. म्हणजे घड्याळ झाडाच्या आत आहे आणि रोजचा सूर्यप्रकाश फक्त काटे जुळवून देतो.

हे घरीही पाहता येतं. भिजवलेला राजमा कुंडीत लावावा. पहिली दोन रुंद पानं दिवसा आडवी असतात, रात्री मिटत्या छत्रीसारखी खाली झुकतात. दर दोन तासांनी एकाच जागेवरून मोबाइलने फोटो घ्यावा. मग रोप दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवावं आणि अगदी मंद उजेडात पटकन बघावं. हालचाल हळूहळू क्षीण होते, पण लगेच थांबत नाही. देठाच्या टोकाशी असलेल्या फुगीर भागात पोटॅशियम एका बाजूच्या पेशींतून दुसऱ्या बाजूला जातं, त्यामागोमाग पाणी जातं. एक बाजू फुगते, दुसरी सैलावते आणि पान कलतं. थंडीपासून बचावासाठी पानं मिटतात, असा डार्विनचा अंदाज होता. घोलवडला तेवढी थंडी कुठली! तरी टाकळा मिटतोच.

माणसाचं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, सुमारे २० हजार पेशींच्या जोडपुंजक्यात असतं. त्याची जनुकं झाडांपेक्षा वेगळी, पण रीत तीच. ते २४ तासांहून किंचित मोठं असतं आणि डोळ्यांत शिरणारा प्रकाश ते रोज जुळवतो. झोप, शरीराचं तापमान, रक्तदाब, साखर हाताळण्याची क्षमता हे सगळं त्याच्या तालावर चालतं.

पालघर जिल्ह्यात तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना घरचे सांगतात, ‘होईल सवय.’ बहुतेकांना ती पूर्ण होत नाही, आणि यात आळसाचा काही संबंध नाही. कामावरून परतताना सकाळचं ऊन डोळ्यांवर पडतं आणि आतलं घड्याळ पुन्हा दिवसाला जुळतं. आठवड्याची सुट्टी घरच्यांबरोबर दिवसा जागून गेली की उरलंसुरलंही जातं. वर्षानुवर्षं असं चाललं की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत गणलं. तो पुरावा मर्यादित आहे, घाबरून नोकरी सोडण्याजोगा नाही.

मात्र पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा असेल, तर शरीराला तो सोपा जातो. उलटा क्रम जास्त छळतो. हे व्यवस्थापनाच्या हातात आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. कामगाराने घरी येताना गडद चष्मा लावावा, पण दुचाकी चालवताना डोळ्यांवर पेंग असेल तर नको. झोपायच्या खोलीला जाड पडदा लावावा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर पाळी बदलण्याआधीच डॉक्टरांना वेळा विचारून घ्याव्यात. आणि तो दुपारी बारा वाजता झोपलेला असताना घरच्यांनी कुकरची शिटी जरा उशिरा वाजवावी.